वॉकरवर चालताना घड्याळ पावलं मोजत नाही

नाशिककर: घोट्याचं ऑपरेशन झालंय, आत टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू. डॉक्टरांनी वॉकर धरून थोडा थोडा भार टाकायला सांगितलाय. हॉलमध्ये फेऱ्या मारतोय, पण स्मार्टवॉचचा आकडा हलतच नाही! आणि पुढे एमआरआय करता येईल ना?

सोलापूरकर: घड्याळातला हालचाल टिपणारा सेन्सर म्हणजे अ‍ॅक्सिलरोमीटर हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतो. वॉकरच्या दांडीवर मूठ आवळलेली, मग झोका कुठून येणार? चांगल्या पायाच्या घोट्याला बांधून बघा. टायटॅनियमला एमआरआय मशीनमधलं चुंबक ओढत नाही, त्यामुळे एमआरआय बहुधा होतो. पट्टीजवळचं चित्र मात्र बिघडू शकतं. तपासणीआधी इम्प्लांटचं नक्की सांगा.

फिजिओताई: दादा, आकड्यापेक्षा संध्याकाळची सूज बघा. पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवा. पोटरी दुखून गरम झाली तर लगेच डॉक्टरांना गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.

नाशिककर: घोट्याला बांधलं, मोजतंय! सूजही रोज टेपने मोजून लिहितो.