काजिवा एलिफंट म्हणे एंड्युरोच नाही! पूर्णपणे असहमत

बोरस्ट्रोक

परवा जुन्या इटालियन गाड्यांच्या धाग्यावर दोन_स्ट्रोक यांनी लिहिलं: "एलिफंट ही एंड्युरो नव्हेच. डुकाटीचं रस्त्यावरचं उसनं इंजिन, सिगारेटवाल्या प्रायोजकांचा पैसा आणि झकास रंग. हिच्यात विकास कसला?" तिथे चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा स्वतंत्र धागा. (नवीन लोकांसाठी: एलिफंट ही काजिवा या इटालियन कंपनीची मोटरसायकल, आणि एंड्युरो म्हणजे रस्त्याबाहेरच्या लांब शर्यतींची गाडी.)

आधी काळ लक्षात घ्या. काजिवाचे मालक असलेल्या कास्तिलिओनी बंधूंनी, म्हणजे क्लाउदिओ आणि जानफ्रांको यांनी, 1978 साली वारेसेच्या तळ्याकाठचा स्किरान्नाचा कारखाना हार्ले-डेव्हिडसनकडून घेतला. म्हणजे पूर्वीचा एरमाक्कीचा कारखाना. टू-स्ट्रोक गाड्या चांगल्या खपत होत्या, पण मोठं इंजिन घरात नव्हतं. तिकडे बोलोन्यात सरकारी मालकीची डुकाटी मोटरसायकलींतून अंग काढून घ्यायच्या विचारात होती. 1983 ला इंजिनांचा करार झाला आणि 1985 ला काजिवाने डुकाटीच विकत घेतली. घर एक झाल्यावर इंजिन 'उसनं' कसं राहतं? त्या दोन भावांनी हात घातला नसता तर आज ज्या डुकाटीच्या नावाने पोरं वेडी होतात ती उरली असती का, याचा विचार करा.

आता इंजिन. डुकाटीचे इंजिन घडवणारे ताल्योनी यांचं पँटा हे इंजिन 1979 ला 500 सीसीत आलं. 90 अंशांचे दोन सिलिंडर, दातेरी पट्ट्यांवर फिरणारे कॅमशाफ्ट, डेस्मो व्हॉल्व्ह (स्प्रिंगऐवजी कॅमनेच बंद होणारे). 650 च्या एलिफंटमध्ये तेच 649 सीसी होऊन बसलं. पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे इंजिन लांबुडकं. मोठं पुढचं चाक आणि लांब खेळाचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) लावला की खड्ड्यात फोर्क दबतो आणि चाक थेट त्या सिलिंडरच्या डोक्याकडे येतं. जागा करायला इंजिन मागे न्यावं तर व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) वाढतो आणि पुढचं चाक हलकं पडतं. मागचा सिलिंडर वाऱ्याआड, वाळूत हळू जाताना तो तापतो. हे सगळं सोडवत 650, मग 750, मग 1990 ला 904 सीसीची 900. ऑइल कूलर आला, इंजेक्शन आलं. याला विकास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि निकाल? पॅरिस-डाकार, म्हणजे सहारातून जाणारी ती लांब रॅली, 1990 आणि 1994. दोन्ही वेळा एदी ओरिओली, दोन्ही वेळा एलिफंट.

दोन_स्ट्रोक

माझं नाव घेऊन धागा काढलाय, तर उत्तर देतोच.

इटालियन एंड्युरो म्हणजे बेर्गामोच्या दऱ्याखोऱ्यांतली रेगोलारिता, ठरल्या वेळेत टप्पे गाठायची शर्यत. दगड, चिखल, चढ, घड्याळ आणि शंभर-सव्वाशे किलोची गाडी. एसडब्ल्यूएम, आन्चिलोत्ती, फान्तिक काबायेरो, आरकोरेची जिलेरा. 1968 ची सिक्स डेज (सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय एंड्युरो शर्यत) सान पेल्लेग्रिनोला झाली, 1974 ची कामेरिनोला, 1981 ची एल्बा बेटावर. ज्या देशात ही शर्यत पुन्हा पुन्हा येते तिथे गावागावातला मेकॅनिक गाडी सुधारत असतो. कार्बोरेटरचा जेट बदल, एक्झॉस्ट वाकवून वर घे, फूटरेस्ट मागे सरकव. माझ्या लेखी विकास हा असा होतो.

तुमची एलिफंट दोनशे किलोच्या घरात. दुकानात मिळणाऱ्या 900 ला पुढे 19 इंची चाक! आल्प्सच्या पायवाटेवर ती आडवी झाली तर एकट्याने उचलून दाखवा. आणि 1990 चा विजय सांगताना होंडाने 1989 नंतर कारखान्याचा संघ काढून घेतला होता हे का गाळलंत? 1986 ते 1989 ओळीने चार वर्षं त्यांची एनएक्सआर गाडी जिंकली. मांजर निघून गेल्यावर उंदीर नाचले.

वारेसेवासी

नोकरीमुळे बरीच वर्षं वारेसेत आहे. स्किरान्नाचा तो कारखाना जाता-येता दिसतो, आता एमव्ही आगुस्ता तिथे आहे. दोघांचंही वाचलं.

दोन_स्ट्रोक, तुम्ही 'उसनं इंजिन' हा मुद्दा काढलात म्हणून विचारतो. एसडब्ल्यूएममध्ये कोणाचं इंजिन होतं? आधी झाक्स, म्हणजे जर्मन. नंतर रोटॅक्स, म्हणजे ऑस्ट्रियन. आन्चिलोत्तींनीही झाक्स वापरलं. तुमच्या आवडत्या शुद्ध इटालियन गाड्यांचं हृदय आल्प्सपलीकडचं होतं, त्याचं काय? एलिफंटचं निदान बोलोन्याचं होतं. आणि 1990 ला होंडा नव्हती, पण यामाहा पूर्ण ताकदीने उतरली होती. तेवढं तुम्हीही गाळलंत.

इथे माझ्या शेजारी एक निवृत्त आजोबा आहेत, त्यांच्याकडे 750 आहे. गेल्या हिवाळ्यात पट्टे बदलताना मी हाताखाली होतो. प्लास्टिकची दोन झाकणं काढली, प्लग काढून ठेवले, मागचं चाक हाताने फिरवत पुलीवरच्या खुणा जुळवल्या. जुना पट्टा काढून त्यांनी तो उलटा वाकवून माझ्यासमोर धरला. वरून नवाकोरा वाटत होता, पण प्रत्येक दाताच्या मुळाशी केसाएवढी भेग. "गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं," म्हणाले. दोन वर्षांनी बदलायचा म्हणजे बदलायचा, किलोमीटर झाले नसले तरी. हे इंजिन वाळवंटात तीन आठवडे पळवणाऱ्या मेकॅनिकांविषयी त्या दिवसापासून माझ्या मनात वेगळाच आदर आहे.

सह्यवेडा

मेकॅनिकांचं ठीक आहे हो, पण ह्युबेर ऑरियॉलचं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? (ओरिओली वेगळा आणि ऑरियॉल वेगळा, नवीन लोकांनी गल्लत करू नये.) 1987 ची डाकार, काजिवावर ऑरियॉल पुढे, मागे होंडावर सिरिल नव्हू. शेवटून दुसऱ्या टप्प्यात ऑरियॉल झुडपांतल्या खुंटाला धडकला, दोन्ही घोटे मोडले. तरी गाडीवर बसला आणि टप्पा पूर्ण केला! शेवटच्या रेषेवर लोकांनी त्याला उचलून उतरवला, तो ढसाढसा रडत होता. नव्हू जिंकला, पण आज आठवण कोणाची निघते? ऑरियॉलची! एलिफंटचा खरा इतिहास 1990 चा नाहीच, तो 1987 चा आहे. अशा माणसाच्या अंगाखाली जी गाडी होती तिला एंड्युरो म्हणायला कोणाचं सर्टिफिकेट लागत नाही.

फिजिओताई

गाड्यांचे धागे नवऱ्यामुळे वाचते, सहसा लिहीत नाही. वरचा प्रतिसाद वाचून मात्र राहवलं नाही.

मोडलेल्या घोट्यावर गाडी चालवणं हा कौतुकाचा विषय नाही. ऑफरोडला तुम्ही फूटरेस्टवर उभे असता, म्हणजे प्रत्येक दणका घोट्यातूनच वर जातो. डाव्या पायाने गिअर, उजव्याने ब्रेक. घोट्यात टेलस नावाचं हाड असतं, त्याचा रक्तपुरवठा आधीच तोकडा. ते जागचं हललं आणि वर दणके बसत राहिले तर हाड मरू शकतं. मग आयुष्यभराचं दुखणं. माझ्याकडे येणारी पंचविशीतली मुलं, घाटात पडून घोटा मोडलेली, तरी 'गाडी मीच घरी आणली' हे छाती काढून सांगतात. सहा महिन्यांनी जिना उतरताना रडतात. त्यांच्या डोक्यात हे कुठून येतं? अशाच गोष्टींतून.

आणि त्याच संघाचा जाम्पाओलो मारिनोनी तुम्हाला आठवतो का? 1986, शेवटच्या टप्प्यात पडला, तरी गाडी डाकारला पोचवली. काही दिवसांत गेला. पोटातली जखम बाहेरून दिसत नाही. त्याच्यावर धागा कोणी काढत नाही.

सह्यवेडा

ताई, तुमचा अनुभव मान्य, पण हा खेळ आहे, ओपीडी नाही. त्याला कोणी जबरदस्ती केली नव्हती. निर्णय त्याचा होता. माझ्या मामाने राजदूतवर मनगट मोडलेलं असताना पावसात आंबेनळी घाट उतरवला, कारण मागे बसलेल्या मामीला दिवस गेले होते आणि तिथे थांबून चालणार नव्हतं. मामा आज सत्तरीत आहे आणि ठणठणीत आहे.

फिजिओताई

तुमच्या मामांपुढे गरज होती. ऑरियॉलपुढे ट्रॉफी होती. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर मला पुढे बोलायचं नाही.

बोरस्ट्रोक

अहो, धागा गाडीच्या विकासाचा आहे…

गडवाट

विकासाचं बोलायचं तर मीही बोलतो. असल्या डाकारच्या कथा वाचूनच हल्ली लोक 'अ‍ॅडव्हेंचर' गाड्या घेऊन किल्ल्यांवर चढतात. मागच्या पावसाळ्यात एका गडाच्या जुन्या पायऱ्यांवर टायरचे चर पडलेले मी स्वतः पाहिले. शिवकाळापासून टिकलेला दगड तुमच्या नॉबी टायरने निघाला. विचारलं तर म्हणे, आम्ही एंड्युरो करतो! त्या वाळवंटात तरी कोणाचा वारसा तुडवला जात नव्हता.

वारेसेवासी

गडांवर गाड्या नेणं चूक, शंभर टक्के. पण वाळवंट रिकामं होतं हे मला पटत नाही. डाकारच्या वाटेवर गावं होती, माणसं होती, आणि शर्यतीच्या गाड्यांखाली स्थानिक माणसं, लहान मुलंसुद्धा मेली आहेत. इथल्या क्लबातले म्हातारेही हा विषय निघाला की गप्प बसतात. फिजिओताईंच्या बाजूने मी आहे असं समजा.

सह्यवेडा

म्हणजे आता ऑरियॉलही वाईट, डाकारही वाईट, गाडीही वाईट. छान! हाच ऑरियॉल पुढे 1992 ला मित्सुबिशीवर कारगटात जिंकला. मोटरसायकल आणि कार दोन्हींत डाकार जिंकणारा पहिला माणूस. नंतर बरीच वर्षं शर्यतीचा संचालक होता. म्हणजे ते घोटे बरे झाले की नाही? 2021 ला तो गेला तेव्हा जगभरच्या रायडरांनी 1987 चीच आठवण काढली. त्या सगळ्यांना अक्कल नव्हती आणि आपल्यालाच आहे?

फिजिओताई

एक माणूस वाचला म्हणून उपचार बरोबर ठरत नाही. मारिनोनीबद्दल तुम्ही अजून एक शब्द लिहिलेला नाही.

चाकणचा_फिटर

भांडण जरा थांबवा, मी मुद्द्यावर येतो. मी पोटासाठी गाड्या उघडतो, त्यामुळे दोन्ही बाजूंवर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

दोन_स्ट्रोकसाहेब, वजनाचं तुमचं बरोबर. पण 90 अंशांच्या इंजिनात पिस्टनच्या हालचालीचा मुख्य धक्का जवळपास पूर्ण मारला जातो, बॅलन्सर शाफ्ट लागत नाही. मोठ्या सिंगल सिलिंडरच्या गाडीवर दिवसभर बसा, संध्याकाळी हाताला मुंग्या येतात. शिवाय दोन्ही सिलिंडर एकामागे एक, म्हणजे गाडी गुडघ्यांत सिंगलइतकीच अरुंद. रुंदीला आडवा ट्विन (दोन सिलिंडरांचं इंजिन) असता तर वाळूत उभं राहून पकडायला अवघड. ताल्योनींनी हे रस्त्यासाठी केलं होतं, पण वाळवंटात ते कामाला आलं. हे हेरणं हीच तर काजिवाची हुशारी.

बोरस्ट्रोकसाहेब, तुम्हालाही एक सांगतो. डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह उघडायलाही कॅम आणि बंद करायलाही कॅम. एका व्हॉल्व्हला दोन मापं, दोन शिम (फट जुळवायच्या चकत्या). गावच्या गॅरेजात हे कोण करणार? टू-स्ट्रोकला पिस्टन-रिंग टाकली की निघालो. जी गाडी जंगलात दुरुस्त होत नाही तिला जंगलाची गाडी म्हणताना मीही अडखळतो.

जाता जाता: ही काजिवा 1987 ला हुस्क्वार्ना घेऊन बसली, स्वीडनची कंपनी वारेसेला आणली. मग ती बीएमडब्ल्यूकडे गेली, मग केटीएमवाल्यांकडे. आणि आज हुस्क्वार्नाच्या 401 आमच्या चाकणमध्ये बनतात. एवढा फिरलेला वंश दुसरा दाखवा. आमच्या भागातल्या किती पोरांना हे माहीत आहे? कॉलेजात मेकॅनिकल करतात, पण ज्या गाडीचे नट आवळतात तिचा इतिहास कोणी शिकवत नाही. हे माझं जुनं दुखणं आहे.

दोन_स्ट्रोक

फिटरसाहेबांचा शेवटचा परिच्छेद आवडला. डेस्मोचा त्याहून जास्त.

झाक्स-रोटॅक्सचा मुद्दा वारेसेवासींनी बरोबर पकडला, नाकारत नाही. पण इंजिन बाहेरून आणूनही त्या लोकांनी दरीतल्या शर्यतीसाठी गाडी घडवली, हे माझं म्हणणं कायम आहे. एलिफंट रॅलीची गाडी होती आणि रॅलीत ती मोठी होती, इतपत मी येतो. त्यापुढे नाही. एंड्युरो म्हणायचंच असेल तर 'माक्सी एंड्युरो' म्हणा, इटालियन लोकही तेच म्हणायचे. वजनाच्या बाबतीत ते अगदी योग्य आहे.

बोरस्ट्रोक

एवढं आलात, आभारी आहे. डेस्मोबद्दल फिटरसाहेबांशी मात्र वाद घालणार. पँटाच्या दोन व्हॉल्व्हच्या डोक्यात हात घालायला जागा भरपूर आहे, नंतरच्या चार व्हॉल्व्हवाल्यांसारखी कटकट नाही. आणि ज्या 1985 साली आपल्याकडे आरएक्स 100 आली तेव्हा बोलोन्या-वारेसेचे मेकॅनिक हे इंजिन आफ्रिकेत तंबूत उघडत होते. तंबूत जमत असेल तर चाकणमध्ये का नाही?

फिजिओताई, मारिनोनीचं मी मूळ लेखात लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल, तर ते रास्त आहे. गाडीचा विकास सांगताना तिच्यावर गेलेला माणूस वगळता येत नाही. 1987 बद्दल मात्र मी सह्यवेडाच्या बाजूचा. तो टप्पा मला थोरच वाटतो.

फिजिओताई

वाटू द्या. तुमच्या मुलाने विचारलं तर काय सांगाल, तेवढं ठरवून ठेवा.

चाकणचा_फिटर

बोरस्ट्रोकसाहेब, तंबूत उघडणारे कारखान्याचे पगारी लोक होते, मागे सुट्या भागांचा ट्रक होता. माझ्यामागे कोण आहे? वारेसेवासी, त्या आजोबांना विचारून सांगा, 750 चे पट्टे तिकडे अजून सहज मिळतात का, आणि शिम कुठल्या मापाच्या लागतात. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या दोन व्हॉल्व्ह डुकाटीचं डोकं माझ्या टेबलावर उघडं पडलंय.

वारेसेवासी

पट्टे मिळतात. शिमचं शनिवारी विचारतो, मापाची वही त्यांच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते. तुमच्याकडे क्लोझिंग शिमची जाडी मोजलेली असेल तर आधी पाठवा, चारही व्हॉल्व्हची.