जुना मिक्सर कोशर करून घेता येईल का?

प्रेषक: एडिसनचा सभासद

नमस्कार मंडळी,

आम्ही महिनाअखेरीस न्यू जर्सीहून सिॲटलला हलतोय. ११० व्होल्टचा मिक्सर (तीन भांड्यांसकट), मायक्रोवेव्ह, स्टीलचा कुकर आणि लोखंडी तवा देऊन टाकायचा आहे. पैसे नकोत. ठाण्याहून नुकत्याच आलेल्या एका बेने इस्राएल (मराठी यहुदी) जोडप्याने विचारलंय. पण त्या मुलीने स्पष्ट सांगितलं, कोशर, म्हणजे यहुदी आहारनियमांना चालेल असं, करून घेता येत असेल तरच नेईन. आमच्याकडे मटण, कोळंबी, चीज सगळंच होतं. मी सगळं घासून, व्हिनेगरने पुसून देऊ शकतो. तेवढं पुरेल का? मावशी, तुम्हाला माहीत असेल. मुलगी नवीन आहे, तिला नंतर अडचण व्हायला नको.

---

प्रेषक: मावशी, हायलंड पार्क

बाळा,

आधी विचारलंस ते फार चांगलं केलंस. घासणं लागतंच, पण ती फक्त सुरुवात. आमच्या शास्त्राचा मुद्दा असा की गरम अन्नाचा अंश भांड्याच्या अंगात मुरतो, आणि तो ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर काढायचा. रश्शाबरोबर, पाण्याबरोबर मुरला असेल तर उकळत्या पाण्याने. कोरड्या आचेवर मुरला असेल तर आचेनेच. याचा आधार तोराहमध्ये, आमच्या धर्मग्रंथात आहे, गणना ३१:२३: जे आगीतून जाऊ शकतं ते आगीतून काढा. पाण्याच्या रीतीला हगाला म्हणतात, आगीच्या रीतीला लिबून.

आता एकेक वस्तू घेते.

कुकर सोपा आहे. आधी झाकणाची खाच, शिट्टी, हँडलचे स्क्रू सगळं सुटं करून स्वच्छ कर. खरकट्याचा कण राहिला तर पुढचं सगळं वाया. मग चोवीस तास तो वापरायचा नाही. त्यानंतर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळत असताना कुकर आणि झाकण पूर्ण बुडवून काढायचं आणि लगेच गार पाण्याने धुवायचं. एकदम बुडत नसेल तर एक बाजू, मग दुसरी, असं चालतं. हे ती तिच्या घरी तिच्या पातेल्यात करील, तू करू नकोस. रबरी रिंग मात्र टाकून दे. नवी स्वस्त मिळते.

तव्यावर तुम्ही पोळ्या, ऑम्लेट, कधी कोळंबी केली असणार. त्याला पाणी पुरत नाही, लाल होईपर्यंत तापवावा लागेल. लोखंड ते सोसतं. नॉनस्टिक असता तर मी सरळ नको म्हटलं असतं, कारण त्या तापमानाला त्याचा थर जळतो.

मायक्रोवेव्हचं काम कमी आहे. आतून छत, कोपरे, दाराची कड पुसायची, चोवीस तास बंद ठेवायचा, मग पेल्यात पाणी उकळून वाफेने आतला भाग भरू द्यायचा. पेला जागेवरून सरकवून पुन्हा एकदा करायचं, म्हणजे पेल्याखालची जागाही सुटत नाही. फिरती काचेची थाळी हा मतभेदाचा विषय. सोळाव्या शतकात सफेद गावच्या योसेफ कारो या धर्मपंडितांनी लिहिलं की काच काही शोषत नाही, धुतली की झालं. क्राकोवचे मोशे इस्सेर्लेस म्हणाले, काच मातीच्या भांड्यासारखी धरा, ती शुद्ध होत नाही. अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या यहुदींपैकी बरेच जण अजून त्यांचं मानतात, विशेषतः वल्हांडणाच्या सणाला. आमच्या सिनेगॉगमधल्या प्रार्थना सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुदींच्या वळणाच्या, त्यामुळे आमच्यातले बरेच जण कारोंच्या बाजूचे. ती कुठली रीत पाळते ते तिलाच विचार.

खरा प्रश्न मिक्सरचा आहे. खालच्या मोटरला नुसतं पुसलं तरी पुरे, तिथे गरम अन्न जात नाही. भांड्यातही गार खोबऱ्याची चटणी वाटली तर सहसा काही मुरत नाही. पण लसूण, कांदा, मिरची हे झणझणीत पदार्थ पात्याच्या दाबाखाली आले की गार असूनही गरमासारखे धरतात. शास्त्रात याला वेगळा नियमच आहे. म्हणजे चीजची पेस्ट किंवा कोळंबीचं वाटण ज्यात फिरलं, त्याच भांड्यात आलं-लसूण फिरलं असेल, तर ते भांडं आणि पातं दोन्हींना हगाला हवं. मराठी घरातल्या मिक्सरचं तर कामच लसूण-मिरचीचं. इथल्या मिल्कशेक करणाऱ्या घरापेक्षा आपला प्रश्न म्हणूनच कडक.

पातं सुटं होतं का, ते बघ. स्क्रू काढून खालचा वॉशर, दांडा, खाचेतला हिरवट थर निघत असेल तर स्टीलचं भांडं नक्की शुद्ध करता येईल. पातं गच्च बसलेलं असेल आणि त्याखाली ब्रश पोचत नसेल, तर माझं मत ऐक: मोटर दे, भांडी नवी घेऊ दे. मी माझ्या भाचीलाही हेच सांगितलं असतं. झाकण प्लास्टिकचं आहे, त्यावर रब्बींमध्ये (धर्मगुरूंमध्ये) एकमत नाही, म्हणून तेही नवंच बरं.

शेवटी आणखी एक काम राहतं. यहुदी नसलेल्या माणसाकडून आलेली धातूची आणि काचेची खाण्याची भांडी मिकव्यात, म्हणजे धार्मिक शुद्धीच्या कुंडात, बुडवून घ्यावी लागतात. विकत घ्या किंवा भेट मिळो, नियम तोच. आधी हगाला, मग मिकवा, हा क्रम उलटा करायचा नाही. भांडी बुडवायची, मोटर नाही.

---

प्रेषक: वूडब्रिजची सभासद

मावशी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. एक शंका आहे. आमचं घर शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या. मग आमचा मिक्सर तर आपोआपच कोशर ना? माझ्याकडे एक जादा आहे, तो त्या मुलीला सरळ देऊ का?

---

प्रेषक: मावशी, हायलंड पार्क

ताई,

तुमच्या घरात मांस-दुधाची भेसळ होणार नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका’ ही आज्ञा तोराहमध्ये तीनदा येते, आणि दोन वेगळ्या भांड्यांचा सगळा व्याप तिच्यातूनच आला. कोकणात आमच्या आज्यांनी त्यावर नारळाचं दूध काढून मटणाचा रस्सा केला, दह्या-सायीची गरजच ठेवली नाही.

पण शाकाहारी म्हणजे कोशर, असं नाही होत. पार्मेजानसारख्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारं विरजण) असतं. पालेभाजीत, फ्लॉवरमध्ये अळी राहिली तर ती आम्हाला निषिद्ध, त्यामुळे पान न् पान उजेडात धरून बघावं लागतं. आणि यहुदी नसलेल्या माणसाने शिजवलेल्या काही पदार्थांवर बंधन आहे, त्याचा परिणाम भांड्यांवरही होतो. तेव्हा तुमच्या मिक्सरचं काम हलकं असेल, पण करावं लागेल. मिकवा तर लागेलच.

सोवळं आणि हे यात फरक आहे. सोवळ्यात शिवणाऱ्याची अवस्था महत्त्वाची. इथे कोणी शिवलं याने मिक्सर बाटत नाही, त्यात काय शिजलं, काय वाटलं एवढंच बघतात. त्या मुलीने तुमच्या घरचं भांडं तसंच घेतलं नाही तर त्यात तुमच्या घराचा अवमान नाही. मला हे मनापासून सांगायचंय, कारण ठाण्यात आणि अलिबागला आमची माणसं शेकडो वर्षं शेजाऱ्यांच्या अंगणात जेवली, वाढली, आणि तरीही आपापली भांडी वेगळी ठेवली. शेजाऱ्यांनी कधी त्याचा राग धरला नाही.

मातीचं काही द्यायचं असेल तर देऊ नका. मातीत मुरलेलं निघत नाही, लेवीय ग्रंथात ते भांडं फोडायलाच सांगितलंय. दगडाचा खलबत्ता मात्र चालेल, दगडाला हगाला लागू होतं.

---

प्रेषक: एडिसनचा सभासद

मावशी, पातं बघितलं. मोठ्या आणि मधल्या भांड्याचं निघतं, चटणीच्या भांड्याचं गच्च आहे. मोठी दोन आणि मोटर देतो, चटणीचं आम्हीच नेतो. आजपासून मिक्सर, कुकर, मायक्रोवेव्ह बंद. तिला सांगितलंय.

---

प्रेषक: मावशी, हायलंड पार्क

उत्तम. सामान शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी आणू नकोस, शब्बाथ (आमचा विश्रांतीचा दिवस) असतो. रविवारी सकाळी आण. इथल्या मिकव्यावर भांड्यांसाठी वेळ मी विचारून ठेवते, आणि थाळीचा प्रश्न ती तिच्या रब्बींना विचारणार आहे. वूडब्रिजच्या ताईंचा मिक्सरही त्याच दिवशी आला तर एकाच पातेल्यात पाणी उकळून दोन्ही होतील. मोठं पातेलं माझ्याकडे आहे.