बोल्ड केलं म्हणजे हेडिंग होत नाही!

अंधुक_उजेड (धागाकर्ता):
काल शेजारच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, "ॲक्सेसिबिलिटी (म्हणजे अंध-अपंगांनाही मजकूर वापरता यावा, हे) बघणं डेव्हलपरचं काम. लेखकाने एडिटरमध्ये लिहावं आणि पब्लिश दाबावं." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो. लांबलचक लेख उघडला की आधी एच दाबतो, म्हणजे हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारता येतात. परवा कामाचा लेख होता, वीसेक पानी. एच दाबलं, तर एकही हेडिंग नाही. डोळस सहकाऱ्याला विचारलं. म्हणे, "आहेत की! चांगली मोठी, निळी." लेखकाने ओळ निवडली, बोल्ड केली, आकार २४ केला, झालं हेडिंग. कोडमध्ये तो साधा परिच्छेदच. वर मोकळी जागा हवी म्हणून दर वेळी चारदा एंटर. मला ऐकू येतं: ब्लँक, ब्लँक, ब्लँक, ब्लँक. यात डेव्हलपरने काय करायचं होतं?

बोरूबहाद्दर:
तो 'कुणीतरी' मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. एडिटरच्या पट्टीवर आकाराचं बटण अगदी समोर, आणि 'हेडिंग २' मात्र 'परिच्छेद' नावाच्या ड्रॉपडाउनच्या पोटात. हाताला लागेल तेच दाबणार ना माणूस?

सेमीकोलन:
बोरूबहाद्दरांना +१. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेची एटीएजी २.० ही नियमावली २०१५ पासून आहे, खास लिहिण्याच्या साधनांसाठी. साधनानेच लेखकाला ॲक्सेसिबल मजकूर करायला मदत करावी, असं तिचा ब भाग सांगतो. सगळे वेबवरच्या मजकुराची नियमावली, डब्ल्यूसीएजी, घोकतात, हिचं नाव कुणी काढत नाही.

मी आकार आणि रंगाची बटणं एकदा काढून पाहिली. तिसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन. मुकाट्याने परत लावली. शिवाय लोक वर्डमधून चिकटवतात. तिथे हेडिंग स्टाइल वापरली असेल तर बहुतेक एडिटर ती नीट उचलतात. पण वापरतंय कोण?

चित्रगुप्त_दुसरा:
हेडिंगचं राहू द्या, चित्रांचं बोला. आमचा एडिटर ऑल्ट टेक्स्ट (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) भरल्याशिवाय चित्र घेतच नाही. दिवसाला चाळीस चित्रं चढवतो मी. 'चित्र' असं लिहितो आणि मोकळा होतो.

अंधुक_उजेड:
म्हणजे मला चाळीस वेळा "ग्राफिक, चित्र" ऐकवणारे महापुरुष तुम्हीच! सजावटीचं असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, स्क्रीन रीडर गुपचूप पुढे जातो.

चित्रगुप्त_दुसरा:
मी काय लिहिलंय ते वाचलंत का? ठेवूच देत नाही रिकामा!

सेमीकोलन:
तिथे एडिटरच चुकला. 'सजावटीचं' अशी टिकमार्कची चौकट हवी. पण रिकामा ऑल्ट वेगळा आणि ऑल्टच नसणं वेगळं, बरं का. नसेल तर काही रीडर फाइलचं नाव वाचत सुटतात.

बोरूबहाद्दर:
आणि आलेखाचं काय? मी एकदा ऑल्टमध्ये अख्खा परिच्छेद लिहिला होता, हौसेने. संपादकाने "फार लांब" म्हणून कापला.

अंधुक_उजेड:
बरं केलं. ऑल्टमध्ये ना यादी राहते ना तक्ता, सगळं एका दमात कानावर आदळतं. आलेख काय सांगतो ते एका वाक्यात ऑल्टमध्ये लिहा आणि आकडे खाली तक्त्यात द्या.

बोरूबहाद्दर:
म्हणजे लिहिलं तरी चूक, नाही लिहिलं तरी चूक. आम्ही लेख कधी लिहायचा?

काटकोन:
इतकं भांडताय कशाला? तपासणीचं टूल चालवा, सगळं हिरवं आलं की विषय संपला.

सेमीकोलन:
ते टूल चित्रगुप्तांची चाळीसही 'चित्रं' हिरवी दाखवेल. ऑल्ट आहे एवढंच त्याला कळतं. राखाडी अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट ४.५:१ या किमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर ते पकडेल. बोल्ड ओळ हेडिंग म्हणून लिहिली होती का, हे त्याला कोण सांगणार?

बोरूबहाद्दर:
रात्री माझे जुने पाच लेख उघडून पाहिले. तेवीस हेडिंगं. खरी किती? शून्य. दोन लेख दुरुस्त केलेत, टाळ्या नकोत. बटण पुढे आणा, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे.

अंधुक_उजेड:
लिंक पाठवा, एच दाबून बघतो. उरलेले तीन कधी?

बोरूबहाद्दर:
ब्लँक, ब्लँक, ब्लँक.