आधी वजनाचा हिशेब करा

१२० पोरांच्या प्राथमिक शाळेला भाजी थेट गावातल्या शेतकऱ्याकडून घेता येईल का? येईल की, पण आधी वजन बघा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज मुलामागे ५० ग्रॅम भाजी धरतात, म्हणजे ६ किलो. सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. हे निवडलेल्या भाजीचं वजन धरा. दुधी, लाल भोपळ्यात फार जात नाही; मेथीच्या जुडीत मात्र देठं-मुळं मिळून निम्मं वजन जातं. स्वयंपाकाच्या ताईंना ६ किलो मेथी दिली की पातेल्यात नुसतं हिरवं पाणी दिसतं, ते त्यामुळेच.

पालेभाजी आठवड्यातून दोनदाच ठेवा, सोमवारी नकोच. शनिवारी काढलेली पिवळी पडते. सकाळी काढून ओल्या गोणपाटात आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तापते आणि सडते.

एकाच शेतकऱ्यावर विसंबू नका. दोघा-तिघांना दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरायला सांगा. मेथी महिन्याभरात निघते. एकदम पेरली तर एका आठवड्यात ढीग, पुढे काहीच नाही. उन्हाळी सुट्टीत येणारा माल शाळेच्या नावावर पेरायला लावू नका, हे आधीच बोला. शेवटची फवारणी कधी झाली, हेही विचारा. औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडणी नको.

आणि भाजी पोरांनाच तोलू द्या. तिसरी-चौथीचं वजनमाप तिथंच होतं. पालेभाजीवर लिंबू का पिळायचं (त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं), तेही ताटावरच सांगा, फळ्यावर नको.