झोर्कीची ज्युपिटर-८ कॅनन पी वर: जवळचा फोकस चुकतोय

प्रश्न (सातारा):
झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्याची ज्युपिटर-८ लेन्स (५० मिमी, एफ/२) कॅनन पी या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (यात दोन प्रतिमा जुळवून फोकस साधतात) लावली आहे. आटे नीट बसतात, लांबचं स्वच्छ येतं. पण १ मीटरवर रेंजफाइंडरच्या दोन्ही प्रतिमा जुळवूनही डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. आणि झेनिट या आरशाच्या (एसएलआर) कॅमेऱ्याची इंडस्टार-५० लेन्स पण ३९ मिमी आट्यांचीच आहे, ती चालेल का?

उत्तर १ (सांगली):
इंडस्टार नको. आटे जुळले तरी लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर कॅननमध्ये २८.८ मिमी, झेनिटमध्ये ४५.२. लेन्स १६.४ मिमी आत जाते, मग कितीही फिरवा, सगळं धूसर. तेवढ्या जाडीची रिंग घातलीत तरी रेंजफाइंडरचा दांडा ढकलणारी कडा तिला मागे नसतेच. जुनी लेन्स घेताना आधी ही कडा बघा, नाव नंतर.

ज्युपिटरमध्ये बिघाड नाही. लेन्स आणि रेंजफाइंडरची जुळणी सोव्हिएत लेन्समध्ये ५२.४ मिमी फोकल लांबी धरून केलेली, लायका आणि कॅननमध्ये ५१.६ धरून. त्यामुळे १ मीटरवर फोकस साधारण ३ सेंमी मागे पडतो. एफ/२ ला (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं) मागेपुढे जेमतेम अडीच सेंमी सांभाळलं जातं, म्हणून चूक दिसते. छिद्र लहान करून एफ/४ ला झाकली जाते.

उत्तर २ (कराड):
पोर्ट्रेटच काढायची असतील तर काचांचा गट आणि फोकसच्या नळीमध्ये जी शिम (पातळ चकती) असते तिथे ०.०८ मिमी वाढवा. १ मीटर जुळेल. मात्र अनंतावर (सर्वांत लांबच्या खुणेवर) लावलेली लेन्स मग ३० मीटरच्या आसपास फोकस करेल, लांबच्या दृश्याला एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवावं लागेल. ही लेन्स झोर्कीवरही वापरणार असाल तर शिमला हात लावू नका, तिथे ती बरोबरच आहे.

उत्तर १ (सांगली):
त्याआधी कॅमेरा तपासून घ्या. मागचं दार उघडा, फिल्म टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) धरून ठेवा, लेन्स अनंतावर आणि एफ/२ वर. गावातून अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर कागदावर रेखीव दिसला आणि रेंजफाइंडरमध्येही एकच दिसला, तर कॅमेरा ठीक. शटर उघडं असतानाच कागद लावू नका. आणि बंद पडद्यालाही बोट लागू देऊ नका: कॅनन पी चा पडदा पातळ पोलादी पत्र्याचा आहे, एकदा पडलेली सुरकुती जात नाही.