बुडापेस्ट: आईसोबत गरम पाण्याची कुंडं आणि गाणं

मुलुंड_पूर्व:
एप्रिलमध्ये आईला घेऊन बुडापेस्टला जातेय. शुक्रवारी पोचू, मंगळवारी रात्री परत. आई ६८ वर्षांची, ग्वाल्हेर गायकी शिकलेली, अजूनही सकाळी तंबोरा लावून बसते. तिला तिकडचं गाणं ऐकायचंय, मला गरम पाण्यात डुंबायचंय. टूरवाला बोटीवरचं जेवण आणि 'जिप्सी संगीत' गळ्यात मारतोय. घ्यावं का? आणि कुंडात पंजाबी ड्रेस चालतो का?

संतूरवाला_दादर:
बोट सोडा, ताई. ते जेवताना कानावर पडायचं संगीत. काकूंना मन लावून ऐकायला बसवा.

शनिवारी सकाळी ११ ला पियानोवादक-संगीतकार लिस्टच्या जुन्या घरातल्या संग्रहालयात छोटी मैफल असते. आंद्राशी रस्त्यावरच्या या घरात तो १८८१ पासून राहत होता. तिथूनच १८९६ ची जुनी मेट्रो पकडा, थेट सेचेनी स्नानगृहाच्या दारात उतरवते. पिवळाधमक महाल, १९१३ चा. बाहेरच्या तलावात छातीभर पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळत असतात.

पण काकूंना खरं ऐकवायचंय ते खेड्यातलं गाणं. बार्तोक आणि कोदाय या हंगेरियन संगीतकारांनी १९०५-०६ पासून गावोगाव फिरून, फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर ही गाणी उतरवून घेतली. जुन्या चालींत स्वर पाचच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला राग धानी! चाल वरून सुरू होते आणि बऱ्याचदा तीच ओळ पुढे पाच स्वर खाली उतरून येते. काकू दुसऱ्या ओळीलाच ओळखतील, बघा.

हे ऐकायला 'तान्त्सहाज' शोधा, म्हणजे लोकनृत्याची संध्याकाळ. १९७२ मध्ये बुडापेस्टच्या तरुणांनी ही प्रथा सुरू केली. तिथे व्हायोलिनच्या साथीला 'कोन्त्रा' असतो, म्हणजे तीन तारांचा व्हायोला. त्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सपाट, त्यामुळे गज फिरला की तिन्ही तारा एकदम वाजतात. व्हायोलिन चाल गातं, हा ठेका धरतो. मी तर अर्धा वेळ त्या गजाकडेच बघत होतो. कुठे सिंबालोम दिसला तर अगदी जवळ बसा. आपल्या संतूरचाच भाऊबंद, पण चार पायांवर उभा. १८७४ मध्ये बुडापेस्टच्या शुंडाने त्याला पेडल जोडलं, तेव्हापासून तारांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, हवी तिथे तोडता येते. संतूर वाजवणाऱ्याला याचा हेवा वाटतो.

चेंबूरकर_वहिनी:
पंजाबी ड्रेस नाही चालत, पोहण्याचाच कपडा लागतो. बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा स्विमसूट इथूनच घेऊन जा. तिथे काकूंच्या वयाच्या बायका खुशाल बसलेल्या असतात, कोणी वळून बघत नाही. तरी संकोच वाटला तर मंगळवारी रुदाश स्नानगृहात जा, तो वार बायकांचा. वेळापत्रक आधी बघून घ्या.

सेचेनीपेक्षा मला रुदाशच आवडलं. सोळाव्या शतकातलं तुर्की बांधकाम, आठ खांबांवर घुमट, त्याला बारीक झरोके. खाली अष्टकोनी कुंडात ३६ अंशांचं पाणी आणि कोपऱ्यांत लहान कुंडं, एक चांगलं ४२ चं. अकलोलीच्या कुंडात बसलेल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, पण काकूंना बीपी असेल तर त्यात उतरवू नका. ३६ च्यातही वीसेक मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या. गेलर्ट हे तिसरं स्नानगृह सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे.

मुलुंड_पूर्व:
बोट रद्द केली. आईला धानीचं सांगितलं तर लगेच गुणगुणायला लागली. दादा, तान्त्सहाजमध्ये नुसतं बसून ऐकलं तर चालतं ना? तिचे गुडघे दुखतात.

संतूरवाला_दादर:
खुशाल बसा. वादकांच्या बाजूची खुर्ची धरा.