मदत हवी आहे: रात्री खडपावर गरीला मासा लागतो तो प्रसंग

शाईची_दौत
लिहिण्यावरच माझं पोट आहे. दिवाळी अंकाची कथा सोमवारी द्यायची आहे आणि एकाच प्रसंगापाशी तीन दिवस अडलेय. पौर्णिमेची रात्र, बाराचा सुमार. एक मुलगी आजोबांच्या मागोमाग खडपाच्या, म्हणजे समुद्रात शिरलेल्या कातळाच्या, टोकापर्यंत चालत जाते आणि तिच्या गरीला मोठा जिताडा लागतो. त्या क्षणी हाताला काय जाणवतं, एवढंच सांगा. मी गरी कधी धरलेली नाही, पण ज्यांनी धरलीय त्यांना ते वाचताना खटकू नये. कृपया लवकर.

खाडीकाठ
किनारा कुठला? रॉड की हातदोरी? महिना कुठला? श्रावणातली पुनव असेल तर त्या टोकावर माणूस उभा राहू शकत नाही.

स्पिनिंग_रत्नागिरी
रॉडच द्या. आठ-नऊ फुटी, ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन आणि गरीच्या बाजूला फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे घासणी सोसणारा दोरीचा तुकडा. ब्रेड दगडाला घासली की तुटते, म्हणून लीडर हवाच. ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, पाण्याच्या वरून चालणारा घ्या.

शाईची_दौत
रॉड नाही हो. गोष्ट 1978 सालची आहे, देवगडजवळची. कोजागरी. हे आधीच लिहायला हवं होतं.

स्पिनिंग_रत्नागिरी
तरी ल्यूरचा विचार करा. जिवंत कोळंबीला शेंगाळेच जास्त लागतात.

खडपावरचो
दादा, 1978 सालात देवगडात ल्यूर खंयचो? आमी कोळंबी नायतर बोय माशाचो तुकडो लावू. आणि ताई, मुख्य चूक वेगळीच आसा. पुनवेक रातचे बाराक भरती पुरी आसता. तुमचा चेडू खडपार उभा रवतला खंय?

शाईची_दौत
म्हणजे मध्यरात्री ते टोक पाण्याखाली? नक्की?

खाडीकाठ
नक्की. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. त्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला हाच हिशेब सहा वाजता येतो, म्हणजे मध्यरात्री सुकती. पण अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान. पाणी फार मागे जात नाही, बाहेरचं खडप उघडं पडत नाही.

स्पिनिंग_रत्नागिरी
ॲप बघा, मिनिटापर्यंत वेळ मिळते.

खाडीकाठ
ॲपमध्ये बंदर नीट निवडलंत तर. मुंबईची वेळ लावून देवगडला उतरणारे मी पाहिलेत. शिवाय कथेतल्या आजोबांकडे पंचांगच असणार.

अलिबागकरीण
जिताडा खरा आमच्या रायगडचा! खारजमिनीतल्या तळ्यांत वाढवतात. कालवणाला चिंच घालायची, कोकम नाही. कोणाला पाककृती हवी असेल तर लिहिते.

खडपावरचो
वैनीनू, जिताडो खाडयेच्या तोंडाक. उघड्या खडपार तांबोशी नायतर गोबरो.

दोन_पोरांचा_बाप
लहान मुलांना रात्री खडपावर नेऊच नये. शेवाळावरून पाय सरकतो, आणि समुद्राकडे पाठ केली की लाट कधी आली ते कळत नाही. कथेत असलं तरी लोक बघून करतात.

तंगूस
मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून लिहितो. मी लहानपणापासून हातानेच गरवतो. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, पहिल्या बोटावरून घ्यायचं, बाकीचं लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं. बारीक मासे आमिष टोचतात तेव्हा बोटावर टक-टक-टक असं लागतं. तांबोशी टोचत बसत नाही. एकच ओढ, सरळ कपारीकडे. पहिल्या दोन हातांत आत ओढून घेतलं नाही तर गेली. ओलं तंगूस बोटातून पळतं तेव्हा आधी फक्त ऊब लागते, कापल्याचं नंतर कळतं, खारं पाणी झोंबलं की. माझ्या तर्जनीच्या पेरावर अजून पांढरी रेघ आहे. गोबरा असेल तर तो कपारीत शिरून फुगतो. मग ओढू नका. ढील द्या आणि थांबा, पुष्कळदा तो आपणहून बाहेर येतो.

शाईची_दौत
हेच हवं होतं. मनापासून आभार. आता तांबोशीच घेते. पण मध्यरात्र सोडवत नाही. आई झोपलेली असतानाच तिला घराबाहेर पडायचं आहे.

खाडीकाठ
मग पहाटे चारला बाहेर काढा. आई तेव्हाही झोपलेलीच असेल. सव्वापाचच्या सुमाराला उधाणाची, म्हणजे सगळ्यात खोल जाणारी सुकती, अख्खं खडप उघडं. पुनवेचा चंद्र त्या वेळी पश्चिमेला समुद्रावर उतरलेला असतो, म्हणजे तुमचं चांदणंही राहिलं. मासा मात्र पाणी वळल्यावर लागेल, भर सुकतीत नाही.

शाईची_दौत
आणि पाणी वळल्यावर परतीची वाट किती वेळ उघडी राहते? मागे एक चर आहे असं मी लिहिलंय.

खाडीकाठ
पहिल्या तासात पाणी हळू चढतं. तिसऱ्या तासात त्याच्या तिपटीने. फसतात ते इथेच, पहिला तास बघून निर्धास्त होतात.

खडपावरचो
सातच्या आत चर वलांडूक लावा. आजोबान आधी चेडवाक पलीकडे धाडूचा, मासो मागसून.